चित्रांसाठी जागा सोडून लिहिताना : चित्रपुस्तकाच्या लेखकासाठी मार्गदर्शन

चित्रपुस्तकाचा लेखक अर्धेच पुस्तक लिहितो. उरलेले अर्धे चित्रकार सांगणार असतो आणि ते आपण सांगायचे नाही, याचे भान लेखकाला पहिल्या ओळीपासून ठेवावे लागते. बालकथा लिहावी, तिला कोणीतरी चित्रे काढून द्यावीत आणि चित्रपुस्तक तयार व्हावे, अशी समजूत बाळगून लिहिलेली हस्तलिखिते पुष्कळ असतात. त्यांतील भाषा बहुधा स्वच्छ असते, कथाही वाईट नसते, पण चित्रकाराने करावे असे त्यांत काहीच शिल्लक ठेवलेले नसते. संपादक अशी हस्तलिखिते परत पाठवतात, तेव्हा कथा नाकारली गेली असे लेखकाला वाटते. वस्तुतः नाकारलेला असतो तो तिचा भरगच्चपणा.

हे मार्गदर्शन साधारणपणे तीन ते सात वर्षांच्या मुलांना मोठ्यांनी वाचून दाखवायच्या पुस्तकांपुरते आहे. मूल नुकतेच स्वतः वाचू लागते तेव्हा त्याच्या हाती देण्याची सोपी वाचनपुस्तके हा निराळा प्रकार असून तेथे जोडाक्षरे मोजून वापरावी लागतात, वाक्ये आखूड ठेवावी लागतात आणि अनोळखी शब्द टाळावे लागतात. चित्रपुस्तकात वाचणारा मोठा असतो आणि मूल ऐकत असते. त्यामुळे ‘हिरमुसणे’, ‘चक्रावणे’, ‘तुरुतुरु’, ‘लगबग’ असे शब्द बिनदिक्कत वापरावेत. मुलाला त्यांचा अर्थ समोरच्या चित्रावरून आणि वाचणाऱ्याच्या आवाजावरून लागतो. त्यासाठी तळटीप लागत नाही आणि ‘म्हणजे’ने सुरू होणारे वाक्यही लागत नाही.

लिहायला बसण्यापूर्वी काही दिवस वाचनाला द्यावेत. आवडलेली चार-पाच चित्रपुस्तके घ्यावीत आणि त्यांतील केवळ मजकूर, कोणत्या पानावर कोणती ओळ आहे याच्या खुणांसह, वहीत उतरवून काढावा. नक्कल करणे कंटाळवाणे वाटते, पण या कामातून जे कळते ते चित्रपुस्तकांवरच्या दहा व्याख्यानांतून कळत नाही. चित्रांपासून सुटलेला तो मजकूर वहीत तुटक आणि अपुरा दिसतो, मध्येच अर्थ लागेनासा होतो, आणि तो नेमका कोठे अपुरा आहे हे पाहत गेले की चित्राने काय उचलून धरले होते ते ध्यानात येते. मॉरिस सेंडॅक यांचे १९६३ साली निघालेले ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे पुस्तक अशा अभ्यासासाठी उत्तम आहे. त्यात साडेतीनशेहून कमी शब्द आहेत. आरंभी रुंद पांढऱ्या समासाने वेढलेले छोटे चित्र पुढे पानागणिक वाढत जाते, शेजारच्या मजकुराच्या पानावर सरकते, आणि मुलाचा व राक्षसांचा धिंगाणा ऐन रंगात येतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर (समोरासमोरच्या दोन पृष्ठांचे मिळून एक जोडपान) एकही शब्द उरत नाही. शेवटच्या पानावर याच्या उलट आहे: तेथे थोडेसे शब्द आहेत आणि चित्रच नाही. कोणत्या क्षणी कोणी बोलायचे आणि कोणी गप्प राहायचे, याचा इतका काटेकोर विचार त्यात आहे. सेंडॅक स्वतःच चित्रकारही होते, म्हणून त्यांना ते साधले, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. चित्र न काढणाऱ्या लेखकालाही गप्प राहण्याच्या जागा ठरवता येतात.

विषयाबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही, कारण विषयांची टंचाई कोणालाच नसते. एवढे पाहावे की प्रश्न मुलाच्या मापाचा असावा आणि मुलाच्या दृष्टीने तो मोठा असावा. बूट उलटसुलट पायांत जाणे, दिवा मालवल्यावर खोली अनोळखी वाटणे, धाकट्या भावंडाने आपली जागा घेणे, आपला नंबर न येणे, ही चित्रपुस्तकाला पुरून उरणारी संकटे आहेत. संकटातून वाट मुलानेच काढावी. शेवटच्या पानावर आई, आजोबा किंवा बाई येऊन सगळे निस्तरून देतात, तेव्हा आतापर्यंत धडपडणाऱ्या मुलाच्या हातून गोष्ट काढून घेतली जाते. आणि बोध करण्याची हौस वेगळ्या वहीत भागवावी. ‘म्हणून आपण नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य शेवटी आले, की ऐकणाऱ्या मुलाला आपल्याला फसवून शाळेत आणून बसवल्यासारखे वाटते, आणि त्याचे वाटणे बरोबरच असते.

आता पानांचा हिशोब. बहुतेक चित्रपुस्तके ३२ पृष्ठांची असतात आणि त्याचे कारण साहित्यिक नसून छापखान्यातले आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पृष्ठे छापून तो घडी घालून कापला की १६ पृष्ठांचा फर्मा तयार होतो. असे दोन फर्मे शिवले की ३२ पृष्ठे होतात. २४ किंवा ४० पृष्ठांची पुस्तकेही निघतात, पण २९ पृष्ठांचे पुस्तक निघत नाही. या ३२ पृष्ठांतील पहिली तीन शीर्षक, प्रकाशनाचा तपशील आणि अर्पणपत्रिका यांत गेली, तर चौथ्या-पाचव्या पृष्ठापासून तिसाव्या-एकतिसाव्यापर्यंत चौदा जोडपाने गोष्टीला मिळतात आणि अखेरचे बत्तिसावे पृष्ठ एकटे उरते. पुठ्ठ्याला आतून चिकटवायचे कागदही याच ३२ पृष्ठांतून घ्यायचे ठरले, तर गोष्टीच्या वाट्याला बाराच जोडपाने येतात. म्हणून नव्या लेखकाने बारा जोडपानांत बसेल अशी गोष्ट रचावी. दोन वाढवून मिळाली तर ती चित्रकाराच्या उपयोगी पडतात.

हा हिशोब डोक्यात न ठेवता हातात घ्यावा. साधे आठ कोरे कागद एकत्र मधोमध दुमडून शिवावेत किंवा पिना माराव्यात. बत्तीस पृष्ठांची कोरी वही होते. तिच्यावर पृष्ठांक घालावेत, पहिले पृष्ठ उजवीकडे येते आणि दुसरे-तिसरे समोरासमोर येतात हे पाहावे, आणि मग मजकुराच्या चिठ्ठ्या कापून त्या डिंकाने किंवा पुन्हा काढता येईल अशा चिकटपट्टीने लावाव्यात. व्यवसायात या वहीला डमी म्हणतात. प्रकाशकाला ती पाठवण्याची गरज नसते; ती लेखकासाठी असते. डमी उलटताना दोन गोष्टी लगेच दिसतात. एक म्हणजे, सहा जोडपाने झाली तरी पात्र अजून त्याच खोलीत बसून विचार करीत असेल, तर चित्रकाराला सहा वेळा तीच खोली काढावी लागणार आहे. दुसरी म्हणजे, पान उलटण्याच्या जागा आपण वाया घालवल्या आहेत. उजव्या पृष्ठाचा खालचा कोपरा ही चित्रपुस्तकातील सर्वांत मोलाची जागा आहे, कारण तेथे वाचणाऱ्याचा हात थांबतो आणि मुलाला पुढे काय आहे याचा अंदाज बांधायला क्षणभर मिळतो. प्रश्न, अर्धे वाक्य, नुसता ‘आणि…’, दाराबाहेरचा आवाज असे काही त्या कोपऱ्यात यावे आणि त्याचे उत्तर पलीकडे असावे. उत्तर त्याच जोडपानावर डावी-उजवीकडे ठेवले, तर मुलाचा डोळा आधीच तेथे पोचलेला असतो.

प्रत्यक्ष काटछाट कशी होते ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, पहिल्या खर्ड्यात असा मजकूर आहे:

‘मिनू फार चिडली होती. तिच्या लाल मोज्यांपैकी एकच मोजा तिच्या हातात होता आणि दुसऱ्याचा पत्ताच नव्हता. तिने वाकून पलंगाखाली पाहिले. तेथे धूळ आणि एक जुना चेंडू एवढेच होते. मग तिने निळ्या कपाटाचे दार उघडून आत पाहिले, पण तेथेही मोजा नव्हता. शेवटी तिने आपल्या भुऱ्या नावाच्या कुत्र्याला विचारले. भुऱ्याच्याच तोंडात मोजा होता!’

मिनू चिडली आहे हे तिच्या भुवयांवरून कळेल. मोजा लाल आहे, कपाट निळे आहे, पलंगाखाली धूळ आहे, ती वाकली आहे, भुऱ्या हा कुत्रा आहे, हे सारे चित्रात दिसणार आहे. ही वाक्ये तशीच ठेवली तर चित्रकाराने तीच माहिती पुन्हा रंगवायची, एवढेच काम उरते. सर्वांत मोठा तोटा शेवटच्या वाक्याने होतो, कारण त्याने गंमत शब्दांत सांगून टाकली आहे. हाच मजकूर चार जोडपानांवर असा पसरता येईल:

‘एक मोजा मिळाला. दुसरा कुठे गेला?’

‘पलंगाखाली? नाही.’

‘कपाटात? नाही.’

‘भुऱ्या, तू पाहिलास का रे?’ आणि त्याच जोडपानाच्या उजव्या टोकाला, ‘भुऱ्या काहीच बोलला नाही.’

भुऱ्या का बोलला नाही, हे मजकुरात कोठेही नाही. त्याचे तोंड मोज्याने भरलेले आहे आणि ते मुलांना दिसते आहे. मिनूला मात्र दिसत नाही. चित्रकार कल्पक असेल तर दुसऱ्या जोडपानापासूनच पडद्यामागे लाल टोक डोकावू लागेल आणि चौथ्या जोडपानापर्यंत ऐकणारी मुले ओरडून मिनूला सांगू लागतील. पुस्तकातील पात्रापेक्षा आपल्याला अधिक कळते आहे, हा अनुभव त्या वयात क्वचित मिळतो आणि तो मिळवून देण्यासाठी लेखकाने करायचे होते ते एवढेच की सांगायचे थांबायचे. येथे हस्तलिखितात एका चित्रसूचनेची गरज आहे: भुऱ्याच्या तोंडात मोजा असून तो मिनूला दिसत नाही. ती कंसात, लहान अक्षरांत द्यावी. जी गोष्ट मजकुरावरून कळत नाही आणि जिच्यावाचून कथा उलगडत नाही, तेवढ्याचीच सूचना लिहावी. मिनूचे केस कसे असावेत, खिडकीबाहेर कोणते झाड असावे, हे चित्रकारावर सोडावे.

मग शब्दांना काम कोणते उरते, असा प्रश्न येतो. चित्राला आवाज दाखवता येत नाही, वास दाखवता येत नाही; ‘रोज’, ‘कालपासून’, ‘अजून एकदाच’ दाखवता येत नाही; कोणाचे नाव काय आणि कोण मनातल्या मनात काय म्हणाले हेही त्याला सांगता येत नाही. शब्द या कामांसाठी राखून ठेवावेत. मराठीत यासाठी मोठा साठा तयारच आहे. दार ‘करकरत’ उघडते की ‘धाडकन’, थेंब ‘टपटप’ पडतात की ‘टप्… टप्…’ असे थांबून थांबून, मूल ‘खुदकन’ हसते की ‘खिदळते’, यांतील फरक कानाला कळतो आणि चित्राला त्याचा उपसर्ग होत नाही. मात्र प्रत्येक पानावर ध्वनी पेरले तर पुस्तक वाचताना दमछाक होते. एखादा निवडावा आणि त्याची पुनरावृत्ती होऊ द्यावी. पुनरावृत्तीमुळे मूल तिसऱ्या वेळी वाचणाऱ्याच्या आधी तो शब्द म्हणते. चौथ्या वेळी त्याच जागी दुसरेच काही आले, की त्याला हसू फुटते.

पद्यात लिहावे का? लय अंगात असेल तर अवश्य लिहावे. नसेल तर गद्य पुरते. यमक जुळले म्हणजे पद्य झाले, या समजुतीपायी क्रियापद ओढून ओळीच्या शेवटी नेले जाते, ‘मजला’, ‘तुजला’ अशी रूपे विनाकारण येतात आणि तीन वर्षांच्या मुलासमोर कोणीही बोलत नाही अशी वाक्ये तयार होतात. प्रत्येक ओळीतील मात्रा मोजाव्यात आणि मोजून झाल्यावरही आपल्या कानावर विश्वास ठेवू नये, कारण लिहिणारा स्वतः वाचताना अडखळणारी जागा नकळत सावरून घेतो. पद्यातील पुस्तकाचे दुसऱ्या भाषेत जाणे अवघड होते, हेही लक्षात असू द्यावे.

यावरून कसोटीकडे येतो. खर्डा पुरा झाला की तो पूर्वी न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावा, मोठ्याने वाचायला सांगावे आणि आपण दुसरी प्रत व पेन्सिल घेऊन ऐकत बसावे. वाचणारा जेथे अडखळतो, जेथे श्वास पुरत नाही, जेथे चुकीच्या शब्दावर जोर देतो, तेथे खूण करावी. दोष त्याच्या वाचनाचा नसतो. हे पुस्तक दिवसभर दमलेली माणसे रात्री झोपेला आलेल्या मुलांना, तेही पुन्हा पुन्हा, वाचून दाखवणार आहेत. नंतर मुलांना वाचून दाखवावे. फक्त ‘आवडलं का?’ असे विचारू नये. मुले समोरच्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतात. ती कोठे चुळबुळ करतात, कोठे बाहेर पाहू लागतात, कोठे मागचे पान परत दाखवायला सांगतात, एवढे टिपावे. चित्रांवाचूनचे वाचन मुलांना अपुरे वाटणारच, म्हणून डमीत काड्यांची माणसे काढून दाखवली तरी चालते.

हस्तलिखित पाठवताना ते साध्या, वाचनीय टंकात, जोडपानांचे क्रमांक घालून किंवा नुसत्या मोकळ्या ओळी सोडून द्यावे. प्रकाशकाची आधीची पुस्तके पाहिलेली असावीत. जो प्रकाशक चित्रपुस्तके काढतच नाही, त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. सोबतच्या पत्रात कथेचा गाभा दोन वाक्यांत आणि वाचकाचे वय एवढे पुरे. आपल्या ओळखीच्या कोणाकडून चित्रे काढून घेऊन पाठवण्याचा मोह मात्र टाळावा. बऱ्याच प्रकाशनसंस्थांत चित्रकाराची निवड संपादक करतात, आणि मजकूर आवडूनही चित्रे न आवडल्याने सारेच परत येण्याची शक्यता असते. लेखक स्वतः कसलेला चित्रकार असेल तर गोष्ट वेगळी. त्याने डमी आणि एक-दोन पूर्ण रंगवलेली पाने अवश्य पाठवावीत.

नकार येतात. बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’चा उगम १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात होता, पुढे प्रकाशकांनी ते पुस्तक नाकारल्यावर त्यांनी १९०१ मध्ये त्याच्या २५० प्रती स्वतःच्या खर्चाने छापल्या आणि १९०२ मध्ये ते रंगीत चित्रांसह एका प्रकाशकाकडून निघाले. स्वतः छापण्याचा मार्ग आजही खुला आहे, परंतु रंगीत छपाई, जाड कागद आणि टिकाऊ शिवण यांमुळे चित्रपुस्तक हे खर्चिक प्रकरण आहे आणि चित्रकाराचे मानधन सोडून हिशोब करणे हा स्वतःवर व त्याच्यावरही अन्याय आहे.

मजकूर स्वीकारला गेल्यावर पुस्तक हाती येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो, कारण चित्रांनाच कित्येक महिने लागतात. या काळात लेखकाला पेन्सिलीची कच्ची रेखाटने दाखवली जातात. येथे लेखकाचे दुसरे मोठे काम सुरू होते आणि तेही बहुतांशी काटछाटीचेच असते. रेखाटनांसमोर मजकूर ठेवून जे आता चित्रात आले आहे ते शब्दांतून काढावे. चांगल्या चित्रकाराच्या हाती पडलेले हस्तलिखित या टप्प्यावर हमखास आखडते. चुका दाखवाव्यात त्या वस्तुस्थितीच्या: पट्टी उजव्या हाताला होती आणि पुढल्या पानावर ती डाव्या हाताला गेली, पात्राचा चेहरा नेमका दोन पानांच्या शिवणीत जाऊन अर्धा दिसेनासा झाला, मजकुराला जागा उरली नाही. ‘मी मिनूची कल्पना अशी केली नव्हती’ ही तक्रार बहुधा गिळून टाकावी.

एक तांत्रिक बाब लेखकांनाही ठाऊक असलेली बरी. रंगीत छपाई सियान (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळी आणि काळी अशा चार शाईंत होते आणि प्रत्येक शाईसाठी छपाईचा वेगळा पत्रा, म्हणजे प्लेट, असते. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला, तर तेच पुस्तक दुसऱ्या भाषेत काढताना चित्रांच्या बाकी तीन प्लेटा कायम ठेवून फक्त काळी प्लेट बदलता येते, आणि अनेक भाषांतील आवृत्त्या एकत्र छापून खर्च वाटून घेता येतो. म्हणून चित्रातल्या पाट्यांवर, पत्रांवर किंवा फुग्यांवर रंगीत अक्षरे काढावी लागतील अशा कल्पना गोष्टीत फार अडकवू नयेत.

करारावर सही करण्यापूर्वी तो शांतपणे वाचावा. १८८६ च्या बर्न करारात सामील असलेल्या देशांत लेखनाचा स्वामित्वहक्क लिहिल्याबरोबर लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. त्यामुळे प्रश्न हक्क मिळवण्याचा नसून आपण तो कोणाला, किती काळासाठी आणि कशासाठी देतो हा आहे. छापील पुस्तक, अनुवाद, ध्वनिपुस्तक, चलचित्र, खेळणी यांचा उल्लेख वेगवेगळा असावा. रॉयल्टी लेखक आणि चित्रकार यांच्यात विभागली जाते, अनेकदा निम्मी निम्मी. ती छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे विचारून घ्यावे, कारण टक्केवारी तीच असली तरी पदरात पडणारी रक्कम बरीच बदलते. एकरकमी मानधन घेऊन सर्व हक्क कायमचे देण्याचा प्रस्ताव आला, तर निदान पुस्तकाची छपाई थांबल्यावर हक्क परत मिळण्याचे कलम मागावे.

एवढे करूनही केवळ चित्रपुस्तकांच्या मजकुरावर घर चालवणारे लेखक थोडे असतात. बहुतेकांना अध्यापन, संपादन, अनुवाद किंवा पूर्णपणे वेगळी नोकरी सांभाळावी लागते, आणि शाळा व ग्रंथालयांतील वाचनाचे कार्यक्रम हा उत्पन्नाचा एक खरा भाग असतो. त्याचे मानधन आणि प्रवासखर्च लेखी, आधी ठरवून घ्यावा; मुलांसाठी काम करणारा माणूस पैशांचे बोलला की आयोजकांना आश्चर्य वाटते, ते वाटू द्यावे. मोठा वर्ग असेल तर चित्रे पडद्यावर दाखवण्याची सोय मागावी, कारण तिसऱ्या रांगेच्या मागे पुस्तकातले काही दिसत नाही. वाचताना चित्र समजावून सांगू नये आणि पान उलटण्यापूर्वी थांबावे. कार्यक्रम झाल्यावर मुलांनी मध्येच कोठे आणि काय म्हटले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण दुसऱ्या आवृत्तीत एखादा शब्द बदलता येतो आणि संपादक अशी टिपणे आनंदाने घेतात.